तिळाच्या तेलाचे चट्टे

विषय : दीड महिन्याच्या मुलास आईपासून काही काळ वेगळे ठेवण्यास मठाधिपती अप्पांची संमती मिळणेबाबत.

संदर्भ : मठाचे शिष्य प्रा. वीरभद्र हालकुडे यांचा तोंडी अर्ज.

"मग तुम्हीच सांगा अप्पा, दोष कुणाचा?" हालकुडे विचारत होते.

अप्पा तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. "आधी काय झालं ते सांग."

झालं ते असं. आजीनं बाळाला पहिल्यांदाच घाण्याच्या तिळाच्या तेलानं चोळलं, आणि बघता बघता अंगभर लाल चट्टे उठले. बाळाच्या आईला, नीलांबिकेला, तीळ लहानपणापासून सोसत नाही. संक्रांतीला ती तिळगूळ वाटते, खात नाही. बाळाची मात्र तिळाशी ओळखही नव्हती.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिळावर चवताळणारी प्रतिद्रव्यं आईच्या रक्तातून पोटातच बाळाकडे गेली. बाळाची स्वतःची नव्हेत, उसनी. काही महिन्यांत ओसरतील. तोवर तिळाचं तेल लावू नका."

"मग लावू नका."

"तेवढ्यानं भागत नाही, अप्पा. आज हे आलं, उद्या हिच्याकडून आणखी काय काय येईल. मूल माझ्या बहिणीकडे ठेवतो. वरचं दूध देऊ. आमच्या घराण्यात असला प्रकार नाही."

"आईचं दूध तोडा, असं बाई म्हणाल्या?"

"नाही. त्या फार खोलात जात नाहीत."

हालकुडे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि श्रावणात मठात अनासक्तीवर प्रवचन करतात. दोन्हीकडे हजेरी साधारण सारखीच असते.

नीलांबिका खांबाआड बाळाला पाजत बसली होती. तिथूनच म्हणाली, "अप्पा, लेकरू असेल तिथं मी. वन्संच्या दारात बसून राहीन, पण राहीन."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी कुठं मध्ये बोलते? लेकरू माझ्या मांडीवर आहे. मध्ये तुम्ही आलात."

अप्पा हसले नाहीत. त्यांनी शेंगांनी भरलेलं सूप बाजूला सारलं.

"वीरभद्रा, हिच्या आठव्या महिन्यात आपण काय केलं होतं?"

"गर्भाला दीक्षा. तुम्हीच दिलीत."

"मंत्र कुणाच्या कानात सांगितला?"

"हिच्या."

"मग बाळाला पोचला कसा?"

"पोचला ना अप्पा. त्यात शंका कसली? मी तर सगळ्यांना सांगतो, माझा मुलगा जन्माला येतानाच दीक्षा घेऊन आला."

"सांगतोस खरा."

…

अप्पांनी उजवा हात पुढे केला. तळवा उघडा, रिकामा.

हालकुड्यांना वाटलं, सूप हवं असेल. त्यांनी ते उचलून पुढे धरलं.

"ते नको. माझा मंत्र परत दे."

"मंत्र?"

"आठव्या महिन्यातला."

हालकुडे खांबाकडे बघत राहिले. बाळ पिता पिता झोपलं होतं. नीलांबिका पदरानं त्याचं तोंड पुसत होती.

"तो… तो आता कसा काढता येईल, अप्पा? तो बाळाच्या अंगात भिनला."

हात तसाच.

…

"मग माझ्या अर्जाचं काय समजू?" हालकुड्यांनी विचारलं.

अप्पांनी हात मागे घेतला आणि पुढची शेंग उचलली.

"आधी माझं काढून आण. मग तिचं काढू."

हालकुडे नमस्कार करून गेले. त्यानंतर आलेले नाहीत.

अर्ज नामंजूर झालेला नाही. अर्जदाराकडून पूर्तता बाकी असल्याने तो प्रलंबित आहे. तोवर मूल आईच्याच अंगावर पीत आहे.