घरात बांधायचे म्यान

एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागच्या आळीत, चामड्याचे काम करणारा एक वृद्ध कारागीर राहत असे. सारा गाव त्याला आबा म्हणे. घोड्यांची खोगिरे, वनरक्षकांचे पट्टे, बंदुकांच्या खोळी ही त्याची नित्याची कामे. शिवाय ज्यांच्याकडे परवान्याचे पिस्तूल असे, त्यांच्यासाठी तो कमरेला बांधायची म्यानेही शिवत असे. शहरातल्या दुकानांत त्याला होल्स्टर म्हणतात, गावात नुसते कव्हर म्हणत.

आबांजवळ निवृत्ती नावाचा एक शिष्य होता. वय तिशीच्या पुढे, हात तयार, नजर बारीक. नऊ वर्षे त्याने मनोभावे विद्या घेतली होती. पण त्याच्या मनात एक सल होता. नऊ वर्षांत त्याच्या हातून शेकडो वस्तू घडल्या आणि त्यांतली प्रत्येक वस्तू आबांची म्हणून बाहेर गेली. त्याच्या नावाची अशी एकही नव्हती.

एकदा त्यांच्याकडे लाकडाचा एक व्यापारी आला. गावाबाहेर त्याची मोठी वखार होती. त्याने पिशवीतून पिस्तूल काढले, रिकामे करून फळीवर ठेवले आणि म्हणाला, "आबा, याला एक कव्हर हवंय. बाहेर जाताना लावायचं नाही. घरात वापरायचं."

"घरात काय नेसता, शेटजी?"

"पायजमा. वर बंडी."

"पायजम्याला पट्टा नसतो. कव्हर अडकवायचं कशाला?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

आबांनी पिस्तुलाचे माप निवृत्तीला घ्यायला सांगितले. स्वतः मात्र कोपऱ्यातून त्याच आकाराचा लाकडी फर्मा काढला आणि एका पट्टीने व्यापाऱ्याच्या कमरेला बांधला. मग म्हणाले, "जेवायला बसता तसे खाली बसा." व्यापारी मांडी घालून बसला. फर्मा बरगडीत रुतला. "आता देवापुढे वाकता तसे वाका." फर्मा पोटात रुतला. "आता दुपारी आडवे होता तसे कुशीवर व्हा."

"टोचतंय, आबा."

"टोचणारच. घर ही बसायची, वाकायची, लोळायची जागा आहे. यातलं काहीच हे अंगावर असताना नीट करता येत नाही. कपाटात कुलूपबंद ठेवा. त्यासाठी चांगली पेटी करून देतो."

व्यापारी उठून बसला. त्याचा चेहरा गंभीर झाला होता. "आमच्या मागच्या गल्लीत निवृत्त मास्तरांच्या घरात भरदुपारी माणसं शिरली. नवराबायकोला बांधून ठेवलं. मास्तर अजून अंथरुणावर आहेत. मी किल्ली शोधत बसलो तर माझं काय होईल? मला कमरेवरच हवंय."

यावर आबा वाद घालत बसले नाहीत. आठ दिवसांनी या म्हणाले.

आठ दिवस त्यांनी त्या म्यानावर स्वतः काम केले. जाड, कमावलेले चामडे घेतले. चाप पूर्ण झाकला जाईल असा आतला कप्पा केला, वर रुंद झाकण घातले, आणि त्या झाकणाला एक सोडून दोन बक्कले लावली. ती एका हाताने सुटत नसत. निवृत्तीने एकदा सोडून पाहिली. दोन्ही हात लागले, आणि मान खाली घालून पाहावेही लागले.

व्यापारी आला. त्याने म्यान बांधले, हात घातला, आणि पहिल्या बक्कलापाशीच अडला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग तो ताठ स्वरात म्हणाला, "चोर दारात उभा राहील आणि मी इथं बक्कलं सोडत बसू?"

"होय," आबा म्हणाले.

"आबा, तुमचं वय झालं." एवढे बोलून व्यापारी निघून गेला. म्यान फळीवरच राहिले.

निवृत्तीने थोड्या वेळाने विचारले, "माप घेताना माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग दोन बक्कलं कशाला?"

"विचार करून लावलीत," आबा म्हणाले आणि त्यांनी म्यान पेटीत ठेवून दिले. याहून अधिक त्यांनी काही सांगितले नाही.

त्या उत्तराने निवृत्तीचे समाधान झाले नाही. उलट त्याला वाटले, आबांचा काळ सरला. गिऱ्हाइकाला काय हवे ते ऐकायला नको का? पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो आबांना न सांगता व्यापाऱ्याच्या घरी गेला आणि हवे तसे म्यान आपण शिवून देतो म्हणाला.

पाच दिवस आपल्या घरच्या ओसरीत बसून त्याने दुसरे म्यान शिवले. वासराचे मऊ चामडे, आणि पायजम्यावर पोटाभोवती बसेल असा रुंद कापडी पट्टा. बसताना टोचू नये म्हणून कडा पातळ केल्या. तोंड उघडे ठेवले. आणि चापाच्या बाजूला अशी खाच काढली की मूठ पकडताच बोट आपोआप चापावर पडावे. हे शेवटचे त्याला फार आवडले. ते त्याला स्वतःला सुचले होते.

व्यापाऱ्याने ते बांधले, मांडी घालून बसला, उठला, आणि निमिषार्धात रिकामे पिस्तूल त्याच्या हातात आले. त्याने तसे चार-पाच वेळा केले. "आबांपेक्षा सरस काम आहे तुझं," तो म्हणाला. निवृत्ती त्या वाक्याच्या आनंदात घरी आला. म्यानाच्या आतल्या बाजूस, कोणाला सहज दिसू नये अशा जागी, त्याने आपल्या नावाचे पहिले अक्षर ठोकले होते.

दोन महिने गेले. एके सकाळी व्यापारी दुकानात आला तो थेट फळीवर बसला. त्याने पिशवीतून निवृत्तीने केलेले म्यान काढले आणि आबांपुढे ठेवले. निवृत्तीच्या हातातला दोरा थांबला. आबांनी म्यान उचलले, टाक्यांवरून अंगठा फिरवला, खाचेत बोट घालून पाहिले. निवृत्तीकडे त्यांनी पाहिले नाही.

"काय झालं, शेटजी?"

"काही झालं नाही," व्यापारी म्हणाला. "गोळी सुटली नाही. कोणाला खरचटलंसुद्धा नाही."

मग त्याने जे सांगितले ते असे. त्याला एक धाकटा भाऊ होता, पद्माकर. वखारीच्या वाटणीवरून दोघांचे बोलणे सात वर्षे बंद होते. गेल्या महिन्यात पद्माकरच्या मुलीचे लग्न ठरले. तो पत्रिका घेऊन स्वतः आला. पुढच्या दाराला जाळी आणि घंटी बसवलेली पाहून तो लहानपणच्या सवयीने मागच्या परसातून आला. वहिनी तिथे भांडी वाळत घालत होती. दिराला पाहून तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, झोपाळ्यावर पडलेत, जा, हाक मारू नका, तसेच पाया पडा, बघा कसे दचकून उठतात.

"तो वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला," व्यापारी म्हणाला. "मी जागा झालो तेव्हा पिस्तूल माझ्या हातात होतं. कसं आलं ते मला आठवत नाही. त्यानं मान वर केली, तर नळी त्याच्या कपाळासमोर. बोट चापावर. मागं बायको उभी होती, हसायच्या तयारीत."

"तुम्ही ओळखलं नाही त्यांना?" निवृत्तीने विचारले. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

व्यापाऱ्याने रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली.

"ओळखलं होतं," तो म्हणाला. "तेच तर. पद्माकर आहे हे मला कळलं. आणि कळल्यावरही हात खाली यायला वेळ लागला. फार नाही, एक श्वास. पण त्या एका श्वासात मला वखार आठवली, वकील आठवला, आईच्या दिवसांना तो आला नव्हता ते आठवलं. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याला सगळं दिसलं. मग मी हात खाली घेतला. त्यानं पत्रिका झोपाळ्यावर ठेवली, आणि आला तसा परसातून निघून गेला."

"लग्नाला गेलात?"

"बायको गेली. मला धीर झाला नाही. मी दोनदा माणूस पाठवला, माफी मागितली. त्यानं निरोप दिला, राग नाही म्हणून. राग असता तर बरं झालं असतं, आबा. आणि घरात तर कोणी मला एक शब्द बोललं नाही. पण त्या दिवसापासून मी बसलेल्या खोलीत यायचं असलं की बायको उंबऱ्याबाहेर थांबते. चहाचा कप हातात घेऊन थांबते आणि म्हणते, 'मी आहे हो.' मग आत येते. पिस्तूल मी कधीच कपाटात टाकलंय, तिला ते ठाऊक आहे. तरी म्हणते. चौतीस वर्षांचा संसार आहे आमचा."

आबांनी म्यान खाली ठेवले.

"शेटजी, रस्त्यावर समोर येणारा माणूस बहुधा अनोळखी असतो," ते सावकाश म्हणाले. "घरात समोर येतो तो बहुधा आपलाच असतो. बायको, भाऊ, सून, जावई. म्हणून घरात बांधायचं म्यान वेगळं असतं. ते चोराचं माप घेऊन शिवायचं नसतं. ती दोन बक्कलं सोडायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात माणूस समोरच्याचा चेहरा ओळखतो. पण नुसतं ओळखून भागत नाही हे तुम्ही पाहिलंत. ज्याच्याशी आपलं जुनं काही आहे, त्याला ओळखल्यावर तर आणखी थोडा वेळ लागतो. दुसरं बक्कल त्याच्यासाठी होतं. मनात कोणाविषयी राग नाही असं एकही घर मी पाहिलेलं नाही. रागाला हत्यार सापडायला उशीर लागावा, एवढंच कारागिराच्या हातात असतं."

व्यापाऱ्याने मान हलवली. "ते दोन बक्कलांचं अजून आहे का तुमच्याकडे? मला द्या."

आबांनी पेटी उघडून ते काढले आणि त्याच्या हाती दिले. मग म्हणाले, "घेऊन जा. पण आता त्याचा फारसा उपयोग होणार नाही. तुमच्या घरात न सांगता शिरणारा एक भाऊ होता. आता हाक दिल्याशिवाय तुमच्याकडे कोणी येणार नाही. चोर आलाच तर येईल."

इतके कठोर बोलणे आबांच्या तोंडून निवृत्तीने पूर्वी कधी ऐकले नव्हते. व्यापारी मात्र दुखावल्यासारखा दिसला नाही. त्याने ते म्यान पिशवीत घातले, नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून गेला. मऊ चामड्याचे म्यान फळीवर पडून राहिले.

दुकानात दोघेच उरले. निवृत्ती म्हणाला, "आबा, ते मी शिवलं."

"टाके पाहिले मी. माझेच आहेत ते. मीच शिकवले तुला."

"खाचसुद्धा मीच काढली. शेटजींनी मागितली नव्हती."

"ते शिकवलं नव्हतं," आबा म्हणाले.

निवृत्ती खाली मान घालून बसला. रागावतील, हाकलतील, निदान चार शब्द बोलतील याची तो वाट पाहत होता. काहीच होत नाही असे पाहून त्याच्या मनातले दुसरे दुःख वर आले. "मी त्या दिवशी विचारलं होतं, आबा. दोन बक्कलं कशाला म्हणून. तुम्ही आज शेटजींना जे सांगितलंत, ते तेव्हा मला का सांगितलं नाहीत?"

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "त्यांनाही आणि तुलाही. माझी वस्तू स्वतःच बोलेल, असं मला वाटत होतं. नऊ वर्षं तू काही न विचारता ऐकत आलास, म्हणून समजून घेशील असंही वाटलं. तुला तुझ्या हाताचा गर्व झाला, मला माझ्या मौनाचा. त्या पोरीच्या लग्नात तिचा काका नव्हता, त्यात माझाही वाटा आहे."

एवढे बोलून त्यांनी ते म्यान निवृत्तीकडे सरकवले. निवृत्तीने रापी, चामडे कापायची सुरी, घेतली आणि शिवण उसवू लागला. टाके पक्के होते. एकेक उसवायला फार वेळ लागला, आणि आबांनी त्याला त्या कामात मदत केली नाही.

पुढे वर्षभराने, आबांची नजर मंदावल्यावर, गिऱ्हाइकांशी निवृत्तीच बोलू लागला. एके दिवशी एक डॉक्टर आले. त्यांचा दवाखाना आणि घर एकाच इमारतीत होते. त्यांनाही घरात वापरण्यासाठी म्यान हवे होते. ते म्हणाले, "चटकन निघेल असं करा."

फळीवर ठेवलेल्या त्यांच्या पिस्तुलाला निवृत्तीने हात लावला नाही. त्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या घरात न विचारता आत कोण कोण येतं?"

"तशी बरीच मंडळी येतात," डॉक्टर हसून म्हणाले आणि बोटांवर मोजू लागले. "शेजारच्या वहिनी विरजण मागायला येतात. मेव्हणा येतो, त्याला तर दार वाजवणं माहीतच नाही. माझी थोरली बहीण येते. आमचा कंपाउंडर. मोठा मुलगा, हल्ली येत नाही, पण आला तर..." तिथे ते थांबले. त्यांचा हात तसाच अर्धवट मिटलेला राहिला. "त्याचं आणि माझं जरा बरं नाही," ते हळूच म्हणाले.

"मग त्याच्यासकट माप घेऊ," निवृत्ती म्हणाला. आणि आबांनी वेळेत उच्चारून सांगितले नव्हते ते त्याने गिऱ्हाइकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले. पलीकडे आबा दोऱ्याला मेण लावत बसले होते. त्यांनी सारे ऐकले, पण मान वर केली नाही.

कोणते म्यान करायचे ते डॉक्टरांनी निवृत्तीवर सोपवले आणि ते निघून गेले. निवृत्तीला आपण काही जिंकल्यासारखे वाटले नाही. घरात न विचारता कोण येते, हाच कोणत्याही म्यानाआधी विचारायचा प्रश्न होता, हे त्याला आता पक्के कळले होते. फक्त तो त्याला व्यापाऱ्याच्या त्या एका घरापुरता उशिरा सुचला होता.