रुसलेला पांढरा दोरा

दोरेसुद्धा रुसत असत, तेव्हाची ही गोष्ट. मालनआत्या जुन्या लेसचा नमुना समोर ठेवून पुस्तकात घालायची खूण विणत होती. लाल दोरा तिच्या बोटांवर ताणलेला असे आणि शटलमधला, म्हणजे दुसऱ्या हातातल्या छोट्या होडीसारख्या फिरकीत गुंडाळलेला, पांढरा दोरा त्याच्या वरून-खालून पळत असे. गाठ मात्र प्रत्येक वेळी लालचीच दिसे.

"पळायचं मी आणि मिरवायचं यानं?" पांढरा चिडला. पुढच्या वेळी त्यानेच लालला वेढा घातला आणि घट्ट आवळून बसला.

आत्याने ओढून पाहिलं, पण लेसची कमान काही वळेना. "अडकला मेला!" म्हणत तिने कात्री उचलली.

"अरे, सैल हो!" लाल ओरडला. "तू आतून सरकलास तरच मला वळता येतं!"

पांढरा घाबरून सैल झाला. लालने टुणकन उलटून त्याच्याभोवती गाठ घेतली, पांढरा आतून सुळकन सरकला आणि कमान झकास वळली. दोघांनाही गुदगुल्या झाल्या.

शेवटी आत्याने उरलेल्या पांढऱ्या दोऱ्याचा गोंडा केला, खूण पुस्तकात ठेवली आणि पुस्तक मिटलं. लाल लेस पानांत गडप झाली. बाहेर झुलत राहिला तो गोंडा.

"काय दिसतंय रे बाहेर?" लालने आतून विचारलं.

"सगळं सांगतो," पांढरा म्हणाला, "पण आधी तू सांग, गोष्ट कुठवर आली आपली?"