तेलरंगातले त्र्यंबकपंत

“ओळखलंत का, बुवा?”

त्र्यंबकपंतांनी चित्रावरचा पंचा ओढला.

मुंबईच्या चित्रशाळेत शिकून आलेले पंत हे त्या काळी कृष्णाकाठच्या गावांत तैलचित्रं काढणारे एकटेच. आज त्यांनी स्वतःचंच चित्र काढून आणलं होतं. गुरू केशवबुवांनी ते मठाच्या सभामंडपात लावू द्यावं, एवढीच इच्छा. भिंतही हेरून ठेवली होती... थेट देवासमोरची.

बुवा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली.

“कोण हा?”

“अहो, मीच! आरशासमोर बसून काढलंय. अंगावर मुद्दाम उपरणं घेतलं नाही, कातडीचा रंग खुलावा म्हणून. कानावरचे केससुद्धा मोजून घ्या. कणभर चूक काढून दाखवा.”

“टिकेल का?”

“तेलरंग आहेत, बुवा. मी जाईन, हा राहील.”

बुवा उठले. चित्राला नाक लागेल इतक्या जवळून त्यांनी पाहिलं. मग ते आत गेले.

गंधफूल आणायला गेले असणार... पंत मनातून सुखावले.

बुवा आले ते दर्भ, काळे तीळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन. सगळं चित्रापुढे नीट मांडलं.

पंत दचकले. “हे काय, बुवा! मी जिवंत आहे!”

“तू आहेस रे. पण याला सामान नको का? कधीचा ताटकळलाय बिचारा.”

“कसलं सामान?”

“श्राद्धाचं. जानवं बघ त्याचं.”

पंतांनी बघितलं.

चित्रातल्या पंतांचं जानवं उजव्या खांद्यावर होतं. पितरांना पाणी देताना घेतात, तसं.

पंतांनी स्वतःचा खांदा चाचपला. डावा.

“आरसा...” ते पुटपुटले. “आरशात उलटं दिसतं...”

“दिसत असेल.”

“आत्ता पुसतो! दोन दिवसांत डाव्या खांद्यावर आणतो. मग तर लावू द्याल ना?”

बुवांनी अडकित्ता पुन्हा हातात घेतला.

“त्र्यंबका, तू जाणार आणि हा राहणार, असंच म्हणालास ना?”

“हो...”

“मग जानवं बरोबर आहे त्याचं. लाव देवासमोर. तयारीत बसलाय, बसू दे... तू मात्र घाई करू नकोस.”