चेंबरवरची पुटे

‘पुट’ या शब्दाचा अर्थ आधी नीट समजून घेतला पाहिजे. थर आपोआप साचतो. धूळ साचते, शेवाळ साचते. पुट मात्र कोणीतरी आपल्या हाताने चढवावे लागते. म्हणून थर झटकताना कोणाला वाईट वाटत नाही, आणि पुट काढताना हात थबकतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी, कोणत्या साली ते आता कोणी सांगू शकणार नाही, एका डोंगरमाथ्यावर एक गाव होते. त्या गावाची एक रीत होती. तेथे जुने पुट कधीच काढीत नसत. भिंतीला चुना द्यायचा तो जुन्या चुन्यावरच. देवाला शेंदूर लावायचा तो आधीच्या शेंदरावरच. देव इतका फुगला होता, की त्याचे डोळे कोठे आहेत हे फक्त पुजाऱ्याला ठाऊक होते. कोणी कारण विचारले, तर उत्तर ठरलेले असे : “खाली वाडवडिलांचा हात आहे.”

त्या गावात एकच मोटार होती. ती चालवणाऱ्याच्या बापाने ती आणली होती, आणि बापाच्या पश्चात ती मुलाकडे आली होती. अलीकडे तिच्या पोटातून तेल ठिबकू लागले होते. पारावरची माणसे म्हणत, “मोटारवाले कोठे गेले हे विचारू नका. ठिपक्यांमागून चालत जा, म्हणजे भेटतील.”

इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे एक लोखंडी तसराळे असते. कारागीर त्याला चेंबर म्हणतात. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची एक पातळ पट्टी असते. तिला पॅकिंग म्हणतात. पट्टी वाळली, की तेल वाट काढते. तेल संपले, की इंजिन जागीच जखडते.

एरवी मोटारवाल्याने ठिपक्यांकडे दुर्लक्ष केले असते. पण त्याच्या बायकोला नववा महिना लागला होता, आणि गावच्या वृद्ध सुईणीने तिचे पोट चाचपून सांगितले होते, “मूल आडवे आहे. हे माझ्या हातचे काम नव्हे. आठ दिवसांच्या आत हिला घाटाखालच्या इस्पितळात ने.”

घाटाला बावीस वळणे होती. मध्येच इंजिन जखडले, तर मागे-पुढे कोणी नव्हते.

मोटारवाल्याने अंगणातल्या खड्ड्यावर मोटार उभी केली, तेल घमेल्यात उतरवले आणि चेंबर खाली घेतले. बापाने बसवलेले पॅकिंग लाकडासारखे कडक होऊन दोन्ही काठांना चिकटले होते. ते खरवडायला त्याने पाते उचलले, आणि पुन्हा खाली ठेवले. मग त्याच पॅकिंगवर नवे पॅकिंग बसवून त्याने बोल्ट आवळले.

सकाळी मोटारीखाली तेल होते.

त्याने त्यावर आणखी एक पॅकिंग चढवले, आणि या वेळी पाना दोन्ही हातांनी ओढला. चेंबरचा पातळ काठ बोल्टापाशी वाकला. तेल आता ठिबकेनासे झाले. ते ओघळू लागले.

सहाव्या दिवशी सुईण पोट पाहायला आली. मोटारवाल्याची बायको ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, “मावशी, आधी त्यांना बघा. माझ्यापेक्षा त्यांच्याच कळा वाढल्या आहेत.”

सुईण खड्ड्याच्या कडेशी उकिडवी बसली आणि पुन्हा उतरवून ठेवलेल्या चेंबरच्या काठावरून तिने बोट फिरवले.

“हे खालचे कडक काय आहे रे?”

“ते राहू द्या, मावशी. बाबांच्या हातचे आहे.”

“तुझी नाळ कोणी कापली?”

“तुम्हीच.”

“नऊ महिने तिने तुला पोसले. एवढे उपकार! मग ती तशीच ठेवायला हवी होती, नाही का?”

तो खड्ड्यातून वर तिच्याकडे पाहू लागला.

“कापली, तेव्हा कुठे तू जगायला मोकळा झालास,” सुईण म्हणाली. “जखम धुतल्यावाचून मी लेप लावीत नाही. तू लेपावर लेप लावतो आहेस. दोन दिवस उरले आहेत. खरवड.”

तो दिवसभर खरवडत होता. तिन्ही पुटे निघाली, आणि बापाच्या पॅकिंगखालचे लोखंड उघडे पडले. त्यावर बारीक, समांतर रेघा होत्या. मोटारवाल्याने आपल्या हातातले पाते पाहिले. ते बापाचेच होते, आणि त्याच्या दातऱ्या धारेने आता उमटलेल्या रेघा तशाच होत्या. आपले पॅकिंग बसवण्यापूर्वी बापाने त्याआधीचे खरवडून काढले होते. गावात त्याने हे कोणाला सांगितले नव्हते.

मोटारवाल्याने वाकलेला काठ लाकडी मोगरीने ठोकून सरळ केला. काठ पुसून कोरडे केले. एकच पॅकिंग ठेवले. समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे, फेरीफेरीने आवळले, आणि पाना अडताच हात थांबवला. मग तेल भरून, इंजिन घटकाभर चालवून, त्याने खाली धुतलेले पांढरे धोतर पसरले.

सकाळी धोतर पांढरे होते.

त्याच दिवशी मोटार बावीस वळणे उतरली. इस्पितळात मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप राहिल्या. गावाने आपली रीत सोडली नाही. देवाला पुढच्या वर्षीही शेंदरावर शेंदूरच चढला.

तात्पर्य : जुने खरवडून काढल्यावाचून नवे धरत नाही.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण शेवटी म्हणतात, की मुलाने बापाच्या हातचे पुसून टाकले, तेव्हा गळती थांबली. हे चूक आहे. बापाच्या हातचे काम पॅकिंग नव्हते. त्याखालच्या रेघा होत्या. मुलाने ते पुसले नाही. त्याने ते पुन्हा केले.