मर्डोशेटचा बांध

"शेट माशांना दहा दिवस देतात, समुद्राला एक हिवाळा देत नाहीत."

बांधावरचा म्हातारा गवंडी जोडीदाराला हे म्हणाला, तेव्हा शेटची नवी सून मोराग दगडांच्या ढिगामागून चालली होती. दोघांनी तिला पाहिलं नाही. तिनेही पाहू दिलं नाही.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात मर्डो हा हेरिंग माशांचा व्यापारी होता. मिठात मासे रचून तो पिंपं भरी आणि परदेशी पाठवी. स्वभाव असा, की जेवतानाही एक पाय दाराकडे. पण पिंपाच्या बाबतीत त्याला कुणी घाई करू शकत नसे. मिठात मासे आकसतात, खाली बसतात. म्हणून दहा दिवसांनी तो प्रत्येक पिंपात कोपरापर्यंत हात घाली, रिकामी झालेली जागा भरी आणि मगच झाकण ठोकी. या सचोटीवर लोकांनी त्याला राजधानीत निवडून पाठवलं.

तिथे त्याला टाळ्यांची गोडी लागली. गावाला त्याने लाटा अडवणारा बांध कबूल केला होता. काम सुरूही झालं, पण तोवर पुढची निवडणूक महिन्यावर आली. गवंड्याने बजावलं, की समुद्रात टाकलेला भराव एक हिवाळा बसू द्यावा. माथ्याचे दगड आत्ताच चढवले तर वादळात बांध खचेल, आणि त्याच्या भरवशावर आडोशाला नांगरलेल्या होड्या फुटतील.

मर्डो येरझाऱ्या घालत म्हणाला, "हिवाळ्यानंतर मी खुर्चीवर असेन, हे कोण सांगणार?"

उद्घाटनाचा दिवस ठरला. त्याच्या नावाची पाटीही कोरून झाली.

मोराग फारशी बोलत नसे. नव्या सुनेचं ते सगळ्यांना बरंच वाटे. माथ्याचे दगड चढवायच्या दिवशी सकाळी तिने नुकतंच भरलेलं एक पिंप, झाकण आणि हातोडी मामंजींपुढे आणवून ठेवली. मर्डोने सवयीने आत हात घातला आणि तो भडकला.

"हे आजचं आहे. आजच बंद करायला कुणी सांगितलं?"

मोराग खिडकीतून बांधाकडे बघत राहिली. मग मर्डोनेही तिकडे बघितलं. मिठाचा हात तसाच घेऊन तो खुर्चीत बसला. कधी स्वस्थ न बसणाऱ्या नवऱ्याला असं बसलेलं पाहून सासूबाई घाबरल्या.

त्याने उद्घाटन रद्द केलं आणि सभेत कारण सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. निवडणूक तो हरला. हिवाळाभर तो खिडकीशी उभा, आणि घरात कुणाला चैन नाही. वादळात भराव कंबरभर खाली बसला. पण तिथे एकही होडी नव्हती. बांध अपुरा म्हणून सगळ्या शेजारच्या खाडीत नेलेल्या, सुखरूप होत्या.

वसंतात गवंड्यांनी खचलेली जागा भरून काढली. मर्डो स्वतः एकेक दगड हलवून बघत होता. मोरागला येताना पाहून दोघे गवंडी गप्प झाले. ती त्यांच्याजवळ थांबली.

"तुमचं तेव्हाचं बोलणं मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "आता लावा झाकण."

तात्पर्य: टाळ्या आजच्या आज मिळतात, पण काम बसायला वेळ लागतो. तेवढा वेळ, हार पत्करूनही, जो देतो त्याचंच काम टिकतं.