चुलीला दोरखंड

"चार रुपयांची खताची गाडी आठ रुपयांना? भाव चढवणारा चोर तीन दिवसांत दोरखंडाने बांधून दाखव! नाहीतर तुझी बैलजोडी माझ्या तबेल्यात!"

राजे रणधीरसिंह समोर उभ्या रायाजीवर गरजले. गोठ्यागोठ्यांतून शेणखत विकत घ्यायचं, गाडीत भरून शेतकऱ्यांना नेऊन द्यायचं, एवढाच त्याचा धंदा. बैल गेले तर गाडी कोण ओढणार, आणि घरात खाणार काय?

"चोर सापडला नाही तर आरसा बघ हो, रायाजी!" कारभारी भुजंगराव म्हणाले. दरबार खदखदला. त्या दरबाराचं काय! राजे शिंकले तरी वाहवा म्हणायचा.

रायाजी घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची लेक गोजरा मात्र हसली. "आबा, दोरखंड तेवढा लांब घ्या. चोर भलताच जाड आहे!"

तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. राणीसाहेबांचं व्रत, पुरणाचा नैवेद्य. खांद्यावर दोरखंड टाकून गोजरा दरबारात हजर झाली.

"दोर दिसतो, चोर कुठाय?" भुजंगराव खेकसले.

"आपल्याच वाड्यात लपलाय. मुदपाकखान्यात!"

"माझ्या वाड्यात चोर?" राजे ताडकन उठले आणि तरवार घेऊनच निघाले. जणू पुरणात दरोडेखोर बुडी मारून बसला होता!

गोजराने उंबऱ्याबाहेर पाय धुतले. "राणीसाहेब, आत येऊ का? आपलं सोवळं असेल..."

"ये गं बाळ. खरं बोलायला आलेल्या माणसाने देवाचा नैवेद्य विटाळत नाही."

गोजरा आत गेली आणि तिने पेटत्या चुलीच्या ओट्याला दोरखंडाचे तीन वेढे देऊन घट्ट गाठ मारली. "हा घ्या चोर, महाराज!"

"पोर खुळी आहे!" भुजंगराव ओरडले.

"कारभारी, जरा वाकून बघा. चुलीत काय जळतंय?"

भुजंगराव वाकले. धुराने डोळे चोळत म्हणाले, "गोवऱ्या!"

"राजाच्या चुलीत गोवऱ्या? लाकडं कुठे गेली?" राजांनी विचारलं.

उत्तर राणीसाहेबांनी दिलं. "लाकूड मिळतंय कुठे? कुऱ्हाडीच्या आवाजाने आपली हरणं बुजतात म्हणून आपणच रान बंद केलंत! मोळी महागली. तीन महिने मी देवाचा नैवेद्य गोवऱ्यांवर रांधतेय. घरोघरी तेच चाललंय."

"म्हणजे खड्ड्यात कुजून खत व्हायचं ते शेण वाळून चुलीत जातंय," गोजरा म्हणाली. "आबांना गोठ्यात मिळतं निम्मं, तेही दुप्पट भावाने. आणि कढईत काय शिजतंय?"

"पुरण! गुळाचं!" राजांनी मिशीवर ताव दिला. "यंदा गुळाचा भाव किती चढलाय ठाऊक आहे? माझ्या राज्याचा लौकिक!"

"तोच चोराचा जोडीदार, महाराज! गुळाला भाव आला म्हणून जो तो ऊस लावतोय, आणि उसाला खत हवं म्हणून सगळे आबांच्या दारात. चुलीत जळतंय म्हणून खत कमी, कढईत शिजतंय म्हणून गिऱ्हाईक जास्त. गूळ चढला तर आपला लौकिक आणि खत चढलं तर माझे आबा चोर?"

राजांचा हात मिशीवरून खाली आला.

"बरं, शहाणे, खत स्वस्त कसं होईल तेही सांग!"

"रानातल्या वाळल्या फांद्या लोकांना उचलू द्या. शेण चुलीतून उठून आपल्या पायांनी शेतात जाईल."

"आणि गुळाचं काय?"

"त्याचा भाव मला उतरवता येत नाही. पण महाराजांनी पुरणपोळ्या रोज आठाऐवजी चार खाल्ल्या, तर बघा थोडा उतरला तर!"

राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला. राजे आधी लाल झाले आणि मग असे हसले की चुलीतली राख उडून भुजंगरावांच्या पगडीवर बसली.

"रान उघडा! रायाजीचे बैल रायाजीकडेच राहतील. आणि माझ्या तबेल्यातलं सगळं शेण आजपासून या पोरीचं. दररोज सकाळी भुजंगराव स्वतः गाडी भरून देतील!"

"आणि महाराज," गोजरा गाठ सोडत म्हणाली, "दोरखंड मी घेऊन जाते. गाडीला लागेल!"