तिळाएवढा पहारेकरी

एकदा एक वृद्ध कारागीर तिळाएवढे सेन्सर घडवीत असे. त्यांना ना तार होती, ना बॅटरी. पडेल तो उजेड थोडाथोडा पोटात साठवून ते जगत आणि आपले म्हणणे हवेतून कळवीत.

त्याच्याकडे एक तरुण शिकायला आला. चार महिन्यांपूर्वी दरडीखाली त्याचा थोरला भाऊ गेला होता. त्याच डोंगराला आता नवी भेग पडली होती आणि पायथ्याशी त्याची आई राहत होती. तो तिला तासातासाला फोन करी. "अरे, भाकरी तरी थापू दे," ती म्हणे.

भेग हलली तर कळावे म्हणून त्याने सेन्सर केला आणि तिच्यावर बसवला. तो क्षणाक्षणाला 'ठीक आहे' असे कळवी. ढग आले आणि तो गप्प झाला. दुसराही गप्प, तिसराही. तरुणाने तिसरा काढून आणला, दगडावर ठेवला आणि हातोडा उचलला.

"काय गुन्हा रे त्याचा?" वृद्धाने विचारले.

"गप्प बसला, तात्या. दादाही असाच गप्प झाला. मी वरून हाका मारत होतो."

वृद्धाने सेन्सर उचलला आणि त्याचे ते सततचे बोलणेच काढून टाकले.

"मी बोलायला शिकवलं, अन् तुम्ही मुकं करताय?"

वृद्धाने तो अंगणातल्या दोन फरशांच्या फटीवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी, भर ढगाळ दुपारी, त्याने एक फरशी अंगठ्याने जराशी ढकलली. घरातला, सेन्सरचे म्हणणे ऐकणारा डबा तत्क्षणी वाजला. तरुण दचकून उठला.

"ऐकायला शक्ती थोडी लागते, ओरडायला फार," वृद्ध म्हणाला. "तुझा सेन्सर 'ठीक आहे' ओरडण्यातच रिता झाला. खरी भेग हलती, तर त्याच्यापाशी काय उरलं असतं? हा गप्प असतो तेव्हा साठवत असतो. दादाचं गप्प होणं तुझ्या कानात बसलंय, बाळा. पण प्रत्येक गप्प तसं नसतं."

"आणि हा खरंच बंद पडला तर?"

"रोज सकाळी एकदा बोलेल. नाही बोलला, तर धावत जा."

सेन्सर भेगेवर बसला. सकाळी एकच 'ठीक आहे' आले. तरुणाने ते वाचले आणि आईला फोन केला नाही. दुपारी तिचाच आला.

"आज फोन नाही तुझा? बरा आहेस ना?"

"बरा आहे गं," तो म्हणाला. मग तिथेच ओसरीवर, उन्हाच्या तिरिपेत, तो कितीतरी वेळ नुसता बसून राहिला.